परत आलेल्या पैशाचे खाते



२०२४ च्या दिवाळीपूर्वी आठ-दहा दिवसांची गोष्ट. सांगलीच्या हळद बाजारात ज्यांची दोन पिढ्यांची अडत आहे, असे माझे एक जुने खातेदार संध्याकाळी घरी आले. मी बँकेत असताना त्यांच्या पेढीचे कॅश क्रेडिट खाते अनेक वर्षे माझ्याकडे होते. मी त्यांना अण्णा म्हणतो. मी निवृत्त होऊन काही वर्षे लोटली तरी ते मला साहेबच म्हणतात. वहीपूजनाच्या तयारीच्या दिवसांत अण्णा दुकान सोडून कुठे जात नाहीत, म्हणून त्यांना दारात पाहून मी चकित झालो.

त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाला तिथल्या केंद्रीय कर खात्याकडून, म्हणजे आयआरएसकडून आलेल्या पत्राचे छायाचित्र सूनबाईंनी पाठवले होते.

“साहेब, चाळीस वर्षे व्यापार केला. सरकारचा एक पैसा बुडवला नाही. आणि माझ्या मुलाला परदेशी सरकारची नोटीस?” एवढे बोलून अण्णा थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “यात लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी त्यानं बेकारीचे पैसे घेतले. नोकरी गेल्याचं त्यानं आम्हाला कधी सांगितलंच नाही. घरी बसून सरकारचं खाल्लं म्हणायचं का हे?”

अण्णांना दोन दुखणी होती. एक नोटिशीचे आणि दुसरे मुलाने मौन पाळल्याचे. पहिल्यावर माझ्याकडे उपाय होता. आज आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले-मुली अमेरिकेत नोकरी करतात आणि गेल्या काही वर्षांत तेथील तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरकपातीच्या लाटा येऊन गेल्या. म्हणून त्या कुटुंबाच्या अनुमतीने, नावे न घेता आणि सोयीसाठी रकमा पूर्णांकात करून, ही हकीकत या सदरातून मांडत आहे.

प्रथम त्या कागदाची ओळख करून घेऊ. अमेरिकेत सरकारी यंत्रणेकडून व्यक्तीला काही ठरावीक प्रकारच्या रकमा मिळाल्या, की त्यांची नोंद ‘फॉर्म १०९९-जी’ या पत्रकात होते. वर्ष संपल्यावर जानेवारीअखेरपर्यंत ते तयार होते. त्याची एक प्रत व्यक्तीसाठी असते आणि तीच माहिती आयआरएसकडेही जाते. आपल्याकडील फॉर्म २६एएस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यामागील तत्त्व सहज उमजेल: आपण सांगण्याआधीच सरकारला ठाऊक असते. या पत्रकाच्या पहिल्या रकान्यात वर्षभरात मिळालेला बेकारी भत्ता असतो, दुसऱ्या रकान्यात राज्य किंवा स्थानिक आयकराचा परतावा, तिसऱ्यात तो परतावा कोणत्या वर्षाचा आहे ते, आणि चौथ्यात भत्त्यातून कापलेला केंद्रीय कर. बेकारी भत्ता आणि करपरतावा यांची पत्रके वेगवेगळ्या खात्यांकडून येतात, परंतु फॉर्म एकच असल्याने अनेकांची गल्लत होते.

अण्णांच्या मुलाचीही तीच गल्लत झाली होती. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर समोरासमोर बोललो. “काका, जयजिनेंद्र,” म्हणून त्याने सुरुवात केली आणि हळूहळू सारे सांगितले. २०२२ साली त्याची नोकरी गेली. त्याच्याकडे ग्रीन कार्ड होते, म्हणून त्याने भत्त्यासाठी अर्ज केला. साडेतीन महिन्यांत ११,००० डॉलर मिळाले, मग दुसरी नोकरी लागली. त्याच वर्षी राज्य आयकराचा, २०२१ सालचा, १,५०० डॉलर परतावाही बँकेत जमा झाला होता. एप्रिल २०२३ मध्ये पती-पत्नींनी संयुक्त विवरणपत्र भरताना त्याने ११,००० डॉलर दाखवले नाहीत. १,५०० डॉलर मात्र उत्पन्न म्हणून दाखवले. खरे तर यांपैकी भत्ता दाखवायला हवा होता आणि परतावा दाखवण्याची गरज नव्हती. म्हणजे त्याने नेमके उलटे केले होते.

आता दोन्हींमागील कारण पाहू, कारण ते एकदा समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत.

बेकारी भत्ता हे दान नव्हे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने अमेरिकेत बेकारी विम्याची केंद्र-राज्य व्यवस्था उभी राहिली. मालक आपल्या कामगारांच्या वेतनावर या विम्यासाठी कर भरतात. अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्वेनिया या तीन राज्यांत तर कामगाराच्या वेतनातूनही काही अंश कापला जातो. त्या निधीतून, स्वतःचा दोष नसताना नोकरी गेलेल्या माणसाला काही आठवडे वेतनाचा एक भाग मिळतो. मी अण्णांना म्हटले, “गोदामाला आग लागली आणि विमा कंपनीनं मालाची भरपाई दिली, तर ती भीक म्हणाल का? तुमच्या मुलाच्या पगारातून या विम्याचा हप्ता कापला जात होता.” अण्णा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा थोडा निवळला.

हा भत्ता बुडालेल्या पगाराच्या जागी येतो. म्हणून त्यावर पगाराप्रमाणे आयकर लागतो. १९७९ पासून ठरावीक उत्पन्नमर्यादेवरील लोकांच्या भत्त्याचा काही भाग करपात्र झाला आणि १९८६ च्या करसुधारणा कायद्याने १९८७ पासून तो पूर्णपणे करपात्र ठरला. विवरणपत्राच्या, म्हणजे फॉर्म १०४० च्या, ‘शेड्यूल १’ या पुरवणीत त्याची स्वतंत्र ओळ आहे.

मग त्याने तो का दाखवला नाही? कारणे तीन होती आणि तिन्ही अनेक घरांत आढळतील. पहिले, न्यू जर्सी राज्य स्वतःच्या आयकरातून हा भत्ता वगळते. कॅलिफोर्निया, पेनसिल्वेनिया आणि व्हर्जिनियातही तसेच आहे. राज्याला कर नाही म्हणजे केंद्रालाही नाही, असा त्याने समज करून घेतला. दुसरे, एका मित्राने सांगितले होते की या भत्त्यावर सूट असते. ती सूट खरी होती, परंतु महामारीतील केवळ २०२० या एका वर्षापुरती: सुधारित ढोबळ उत्पन्न १,५०,००० डॉलरपेक्षा कमी असलेल्यांना प्रत्येकी १०,२०० डॉलरपर्यंत. तिसरे, टपालाने पत्रक आलेच नाही. ते राज्याच्या संकेतस्थळावर त्याच्या खात्यात पडून होते, आणि नोकरी लागल्यावर त्याने ते खाते पुन्हा उघडले नव्हते. “काका, ते दिवस पुन्हा आठवावेसे वाटत नव्हते,” तो म्हणाला. हे चौथे कारण मी जमेस धरले नव्हते. परंतु कदाचित तेच खरे होते.

आता परताव्याकडे वळू. आपल्याकडे आयकराचा परतावा हे उत्पन्न नाही, हे आपण सारे जाणतो. त्यावरील व्याज तेवढे करपात्र. अमेरिकेतही केंद्रीय आयकराचा परतावा उत्पन्नात धरत नाहीत, व्याज धरतात. मग राज्याच्या परताव्यासाठी रकाना का? उत्तर तुमच्या खतावणीतच आहे. एखादे येणे बुडीत म्हणून खर्ची टाकले, त्या वर्षीचा नफा तेवढा घटला, कर वाचला; आणि तीन वर्षांनी तो देणेकरी दारात येऊन पैसे देऊन गेला, तर ती रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरावी लागते. १९६१ च्या आपल्या आयकर कायद्यात हेच तत्त्व कलम ४१ मध्ये मांडले होते. खर्ची टाकलेला विक्रीकर परत मिळाला तरी न्याय तोच. उलट, ज्या रकमेची वजावट कधी घेतलीच नव्हती, ती परत आली तर आपलाच पैसा आपल्याकडे आला. त्यात उत्पन्न कसले?

अमेरिकेतील नियमही अगदी असाच आहे. तेथे करदात्याला दोन मार्ग असतात. एक, कोणताही हिशेब न देता ठरावीक रकमेची प्रमाणित वजावट घ्यावी. दुसरा, गृहकर्जाचे व्याज, देणग्या, राज्याला भरलेला आयकर, घरपट्टी अशा बाबी मांडून तपशीलवार वजावट घ्यावी. ज्याने प्रमाणित वजावट घेतली, त्याने राज्याच्या आयकराची वेगळी वजावट घेतलेलीच नसते; त्याचा परतावा करपात्र नाही. बहुसंख्य करदाते याच गटात येतात, म्हणून त्यांना दुसऱ्या रकान्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

ज्याने तपशीलवार वजावट घेतली, त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: राज्याचा कर मुळातच अचूक भरला असता, तर माझी वजावट कितीने कमी झाली असती? त्या रकमेपुरताच परतावा करपात्र. एक उदाहरण घेऊ. २०२३ साली एकट्या व्यक्तीसाठी प्रमाणित वजावट १३,८५० डॉलर होती. एकाने राज्य आयकर ५,००० आणि इतर बाबी ९,३५० मिळून १४,३५० डॉलरची तपशीलवार वजावट घेतली. पुढील वर्षी राज्याने ८०० डॉलर परत दिले. आधीच अचूक कर भरला असता तर त्याची बेरीज १३,५५० झाली असती आणि त्याने अर्थातच १३,८५० ची प्रमाणित वजावट घेतली असती. म्हणजे त्याला तपशीलवार मार्गाचा खरा लाभ ५०० डॉलरचाच झाला. म्हणून ८०० पैकी ५०० डॉलर करपात्र, ३०० नाहीत. आणि ते दाखवायचे २०२४ च्या, म्हणजे परतावा मिळाला त्या वर्षाच्या, विवरणपत्रात.

अण्णांच्या मुलाने २०२१ साली तपशीलवार वजावट घेतली होती: गृहकर्जाचे व्याज १६,०००, देणग्या १,०००, आणि घरपट्टी ९,८०० व राज्य आयकर ६,००० मिळून १५,८०० डॉलर. परंतु राज्य व स्थानिक करांच्या वजावटीवर २०१८ पासून १०,००० डॉलरची कमाल मर्यादा होती, म्हणून १५,८०० पैकी १०,००० च मान्य झाले. आता परताव्याचे १,५०० वजा करा: १४,३०० उरतात. ते तरीही १०,००० च्या वरच. म्हणजे अचूक कर भरला असता तरी वजावट तीच राहिली असती. त्या १,५०० डॉलरचा त्याला कधीही लाभ झाला नव्हता. म्हणून ते करपात्र नव्हते. संगणकप्रणालीने मागील वर्षाचे आकडे विचारले, त्याने ते पान ओलांडून परताव्याची पूर्ण रक्कम उत्पन्नात टाकली आणि स्वतःचे नुकसान करून घेतले.

येथे एक इशारा द्यायला हवा. ही मर्यादा २०२५ या करवर्षासाठी ४०,००० डॉलर झाली आहे. उत्पन्न ५,००,००० डॉलरच्या पुढे गेले की ती घटत जाते. मर्यादा वाढल्याने अधिक लोकांना भरलेल्या कराची पूर्ण वजावट मिळेल, आणि म्हणूनच त्यांना २०२६ मध्ये मिळालेला राज्य परतावा करपात्र ठरण्याची शक्यताही वाढेल. ‘गेल्या वर्षी लागला नव्हता’ या आधारावर तो वगळू नये.

आता पुन्हा त्या पत्राकडे येऊ. अण्णा ज्याला नोटीस म्हणत होते, ते ‘सीपी २०००’ नावाचे पत्र होते. त्रयस्थांकडून आलेली माहिती आणि विवरणपत्र यांत तफावत आढळली की संगणकीय पडताळणीतून ते निघते. तो आरोप नव्हे, अंतिम मागणीही नव्हे. तो प्रस्ताव असतो. साधारणतः तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते: मान्य, अमान्य, किंवा अंशतः मान्य. दांपत्याचे उत्पन्न २२ टक्क्यांच्या टप्प्यात होते, म्हणून ११,००० डॉलरवर २,४२० डॉलर कर आणि त्यावर व्याज असा प्रस्ताव होता. मी त्याला तेथील परवानाधारक करसल्लागाराकडे धाडले. त्याने बेकारी भत्ता दाखवायचा राहिल्याचे मान्य केले. परताव्याबाबत मात्र दुरुस्त विवरणपत्र, म्हणजे फॉर्म १०४०-एक्स, सोबत जोडून १,५०० डॉलर उत्पन्नातून वगळण्याची विनंती केली. काही महिन्यांनी ३३० डॉलरचा कर कमी होऊन प्रकरण मिटले. असा दावा करण्यास मूळ विवरणपत्र भरल्यापासून सर्वसाधारणपणे तीन वर्षे मिळतात.

ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांनी आणखी काही गोष्टी त्यांच्या कानावर घालाव्यात.

भत्त्याचा अर्ज करतानाच त्यातून १० टक्के केंद्रीय कर कापून घेण्याचा पर्याय असतो. फॉर्म डब्ल्यू-४व्ही त्यासाठीच आहे. तो निवडावा. मात्र वर्षभरात जोडीदाराचे किंवा आधीच्या नोकरीचे उत्पन्न चांगले असेल तर १० टक्के पुरणार नाहीत. उरलेली तरतूद बाजूला ठेवावी किंवा तिमाही अग्रिम कर भरावा. त्याच्या तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढील १५ जानेवारी अशा असतात.

एच-१बी परवान्यावरील मुलांना नोकरी गेल्यावर साधारणतः साठ दिवसांचीच सवलत असते आणि ‘कोणतेही योग्य काम स्वीकारण्यास मोकळा’ ही भत्त्याची अट त्यांना बहुधा पूर्ण करता येत नाही. राज्याचा नियम तपासल्याशिवाय अर्ज करू नये. चुकीने घेतलेला भत्ता परत मागितला जातो. त्याच वर्षी परत केला तर मिळालेल्या रकमेतून तो वजा दाखवता येतो.

विद्यार्थ्यांसाठी एक दिलासा आहे. परदेशी अनिवासींना तेथे सहसा प्रमाणित वजावट मिळत नाही. परंतु भारत-अमेरिका दरम्यानच्या १९८९ च्या करारातील अनुच्छेद २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना ती घेता येते. ती घेतली असेल, तर पुढील वर्षी आलेला राज्याचा परतावा करपात्र होत नाही.

न घेतलेल्या भत्त्याचे पत्रक आले तर ते फेकू नये. महामारीच्या काळात चोरलेल्या ओळखींवर अनेक बनावट अर्ज झाले आणि निरपराध लोकांच्या नावे अशी पत्रके निघाली. अशा वेळी संबंधित राज्य यंत्रणेला कळवून दुरुस्त पत्रक मागावे आणि विवरणपत्रात प्रत्यक्ष मिळालेले उत्पन्नच दाखवावे.

आणि जे भारतात परतले आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी राज्याच्या संकेतस्थळावरील खात्याचा परवलीचा शब्द आणि पत्ता, दोन्ही सांभाळावे. जानेवारीत पत्रक तेथेच येणार आहे; तोवर जुन्या घरात दुसरे भाडेकरू आलेले असतील. परतल्याच्या वर्षी भारतातील निवासी दर्जा दिवसांच्या मोजणीने ठरतो, तेव्हा येथील सनदी लेखापालालाही ते पत्रक दाखवावे.

आता अण्णांचे दुसरे दुखणे. त्यावर माझ्याकडे कोणताही फॉर्म नव्हता. त्या दिवशी बोलणे संपताना त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि मुलाला विचारले, “ते साडेतीन महिने घरखर्च कसा भागवलास?” मुलगा म्हणाला, “भागला, अण्णा.” “मला सांगितलं असतंस तर मी पाठवले असते.” “म्हणूनच नाही सांगितलं.” पलीकडे क्षणभर शांतता होती. मग अण्णा म्हणाले, “१९८४ साली हळदीत मला एवढी खोट आली होती की सहा महिने तुझ्या आजोबांना मी वही दाखवली नव्हती. दाखवली तेव्हा ते रागावले नाहीत. पेन्सिल घेऊन बेरीज तपासायला बसले.”

त्या वर्षी वहीपूजनाला मी त्यांच्या पेढीवर गेलो होतो. न्यू जर्सीत तेव्हा सकाळ होती; मुलगा मोबाइलवर हजर होता. पूजा झाल्यावर अण्णांनी त्याला विचारले, “यंदाचं ते जानेवारीचं पत्रक कधी येणार?” तो हसून म्हणाला, “अण्णा, यंदा बेकारीचं येणार नाही, परताव्याचं येईल. उघडून आधी तुम्हालाच पाठवतो.”

पुढील अंकी: परदेशातून कायमचे परतणाऱ्यांसाठी आरएफसी खाते, ते कोणी आणि केव्हा उघडावे.